फिल्मवरचा अंगठा

माझ्या पाठीच्या एमआरआयचा रिपोर्ट घ्यायला मी पिंपरीच्या स्कॅन सेंटरमध्ये गेलो होतो. बाकावर शेजारी कंपनीच्या निळ्या शर्टातला एक माणूस बसला होता. त्याच्या हातात बायकोच्या पोटातल्या बाळाची फिल्म होती. खिडकीच्या उजेडात धरून तो ती आडवी करी, तिरकी करी, मधल्या एका पांढऱ्या जागेवरून नख फिरवी.

"चाकणला पार्ट चेक करतो, त्याची सवय," तो ओशाळून म्हणाला. मग आपणहून बोलू लागला. "मेंदूतली ही पांढरी, पाण्याची जागा जरा मोठी आहे म्हणतात डॉक्टर. भाऊ, जरा म्हणजे किती? बाळ चांगलं निघेलही, नाहीही निघणार. ठेवायचं की नाही, घरी बोलून ठरवा म्हणाले."

मला माझ्याच मणक्याचं काही कळत नव्हतं.

"कंपनीत शंका आली की मी पार्टला पिवळा टॅग लावून बाजूला ठेवतो. साहेब येऊन ठरवतो. इथं साहेबच मला विचारतोय."

तेवढ्यात त्याची बायको बाथरूमकडून आली. पोटाला हात लावत सावकाश बसली.

"बघू, ह्याच्यात तोंड कुठंय?"

"हे काय, नाक. तुझ्यावर गेलंय."

ती हसली आणि बराच वेळ बघत राहिली. त्यानं तिला सांगितलं होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही. एका हातानं तो नाक दाखवत होता. दुसऱ्या हाताचा अंगठा त्या पांढऱ्या जागेवर घट्ट दाबलेला होता.