जुन्या यंत्राला कुठला कर्नल

हिवाळ्यात हीटरवरची धूळ तापल्याचा वास आला, की मला सुदुंबऱ्याच्या भाऊंचा संगणक आठवतो. कारखान्याने मोडीत काढलेलं, सहसा कुठे न दिसणारं ते यंत्र बंद पडलं होतं. भाऊंच्या वारलेल्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज त्यातच राहिला होता.

मी लोणावळ्याहून दोन सीडी नेल्या होत्या. एकीत नवा कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, दुसरीत जुना. नवा चांगला होता, पण इतकी जुनी डिस्क तो ओळखेल याची खात्री नव्हती. डिस्क टकटक वाजत होती, म्हणजे ती कधीही कायमची बंद पडली असती. दुसरी संधी बहुधा मिळणार नव्हती.

"कुटला लावतीस?" भाऊंनी विचारलं.

"जुना."

"चालंल?"

"माहीत नाही, भाऊ."

पडदा बराच वेळ काळाच राहिला, आतली धूळ तापल्याचा वास तेवढा आला. भाऊ माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. मग अक्षरं धावू लागली. मी आधी आवाजाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, मगच ती लावली.

"बंद करा की ते, भाकरी करपली," काकू म्हणाल्या.

तेव्हा मला निवड बरोबर ठरल्याचाच आनंद होता. आता आठवतात ते भाऊ. "करतो, करतो," असं ते हळूच म्हणाले, पण त्यांनी हात काही पुढे केला नाही.