दोनशे ऐंशी मिलिमीटर

वाहतूक खात्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या या माणसाचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. 'अंदाजे', 'जरासं', 'चालून जाईल' हे शब्द त्याला शिव्यांसारखे लागत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं घरातलं कपाट भिंतीपासून बरोबर वीस मिलिमीटर पुढं ओढलं होतं, मागून हवा खेळावी म्हणून. बायको दारात उभी राहून बघत होती. आपल्या पदरात काय पडलंय ते तिला तेव्हाच कळलं.

निवृत्तीच्या चौथ्या महिन्यात त्यानं एक जुना ट्रक घरी ओढून आणला. चारही चाकांना ताकद देणारा, डोंगरदऱ्यांतून जाण्यासाठीच बांधलेला, पण गेली अकरा वर्षं एका दगडाच्या खाणीत उभा. मागच्या हौद्यात कमरेएवढं झाड उगवलं होतं. इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, हे कशाला? उत्तर तयार होतं.

"हिला वर न्यायचंय. ताईकडे."

ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. बायकोपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनंच हिला वाढवलं होतं. ती डोंगरावरच्या वस्तीत एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी वरचा रस्ता खचला आणि बस बंद झाली. बायकोचे गुडघे त्याआधीच गेले होते, त्यामुळं चालत जायचा प्रश्नच नव्हता. बहिणी दर रविवारी फोनवर बोलत आणि फोन ठेवताना दोघी एकच वाक्य म्हणत, "आता भेट झाली पाहिजे." मालाची एक लॉरी तेवढी दर गुरुवारी वर जायची, पीठ, सिमेंट आणि गॅसच्या टाक्या घेऊन. कोपऱ्यावर तिचा ब्रेक लागला की मिलिमीटरच्या कपाळाला आठ्या पडत. "लायनर संपलेत," तो म्हणे. "असल्या गाडीत मी मांजरसुद्धा बसवणार नाही."

तर, नवीन इंजिन. ते मिळालं टपालखात्याच्या मोडीत काढलेल्या व्हॅनचं. डिझेलचं, मागून ठोकरलेल्या गाडीतलं, म्हणजे पुढून ठणठणीत. पण एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणं म्हणजे विजेचा दिवा बदलणं नव्हे. इंजिन एका कुळातलं, गिअरबॉक्स दुसऱ्या, दोघांची भोकं जुळत नाहीत. मध्ये लोखंडी प्लेट करून घ्यावी लागते. ती प्लेट समोरच्या टर्नरनं लेथवर चार वेळा केली. तिसऱ्या वेळी मिलिमीटरनं माप घेऊन ती परत दिली तेव्हा टर्नर वैतागला.

"पाव मिलिमीटरचा फरक देवसुद्धा विचारत नाही."

"देवाला क्लच बदलावा लागत नाही," मिलिमीटर म्हणाला.

असं करत साडेतीन वर्षं गेली. रेडिएटर पुढं सरकला, पंख्याची पाती कापली गेली, गिअरबॉक्सपासून चाकांकडं जाणारा दांडा आखूड झाला. प्रत्येक माप एका निळ्या वहीत होतं. बायको चहा घेऊन यायची, उलट्या बादलीवर बसायची आणि विचारायची, "झालं का?" तो म्हणायचा, "आलंच." रविवारी ती फोनवर बहिणीला सांगायची, "आलंच म्हणतायत."

मग घोडं अडलं ते तेलाच्या चेंबरपाशी. नव्या इंजिनाच्या पोटाखालचं चेंबर पुढच्या ॲक्सलवर टेकत होतं. उपाय दोन. एक, चेंबर कापून, मागे खोल आणि पुढे उथळ असं नव्यानं करायचं. दुसरा, कमानपाट्यांवर ठोकळे घालून सगळा ट्रकच वर उचलायचा. पहिला उपाय किचकट, दुसरा आठवड्याचा. आणि छत्तीस अधिक साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच या माणसानं सोपी वाट धरली. ट्रक एकशे तीस मिलिमीटरनं उचलला. वरच्या रस्त्यावर दगड आहेत, पोट उंच असलेलं बरं, असं त्यानं वहीत लिहूनही ठेवलं. आपल्याला न पटलेली गोष्ट माणूस सुवाच्य अक्षरात लिहितो.

इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू झालं. टर्नर दुकान सोडून आला, दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ठेवणीतले कपडे घालून, पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत ताईसाठी विणलेला स्वेटर होता. तिनं दाराची कडी धरली आणि पाऊल उचललं. पाऊल वर गेलं आणि पायरीच्या बरंच खाली थांबलं. तिनं दुसरा पाय लावून बघितला. मग पुन्हा पहिला. समोर टर्नर एकाएकी आपल्या दुकानाचा उंबरा झाडू लागला.

"थांबा," ती म्हणाली. "आतलं स्टूल आणते."

"स्टूल?"

"स्वयंपाकघरातलं. त्यावर पाय ठेवून चढीन की."

"माझ्या गाडीत चढायला स्टूल लागणार?"

"मग काय झालं?"

"चुकलं असेल ते दुरुस्त करायचं असतं. त्याच्याखाली स्टूल ठेवायचं नसतं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग पिशवी घेऊन आत गेली.

त्याला लाज वाटली. इंजिनाचं माप होतं, पंख्याचं होतं, साध्या वायसरचंही होतं. जिला बसायचं होतं तिचं माप वहीत नव्हतं. पण अशा माणसांना लाज वाटली की ती हत्यारं काढतात. त्यानं तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभं केलं, तीन वेळा पाय उचलायला लावला आणि तिन्ही वेळा पेन्सिलीनं खूण केली. सगळ्यात कमी ते माप धरलं, दोनशे ऐंशी मिलिमीटर. गाडीची पायरी चारशे दहावर होती.

"खाली अजून एक पायरी टांगून टाक," टर्नर म्हणाला.

"पहिल्याच दगडाला लागून तुटेल."

हे खरंच होतं. चूक नसलेली कारणं त्याच्याकडं नेहमी भरपूर असत. त्यानं चेनब्लॉक लावला आणि इंजिन पुन्हा बाहेर काढलं. "दोन महिने," त्यानं बायकोला सांगितलं. तिनं मान हलवली.

दोनाचे चार झाले. चेंबर कापलं, जोडलं, गळलं. पुन्हा जोडलं. पाचव्या महिन्यात एका रविवारी ताईचा फोन शेजारणीनं उचलला. ताईला बोलताना दम लागत होता, तरी तिनं फोन मागून घेतला. दोनच मिनिटं बोलली. बायकोनं फोन खाली ठेवला आणि अंगणात आली. मिलिमीटर चेंबरला बाहेरून खडूची पूड फासून आत रॉकेल ओतत होता; कुठं झिरपलं की पुडीवर डाग उमटतो.

"ताईला बरं नाही," ती म्हणाली.

"पंधरा दिवस दे मला. फक्त पंधरा."

ती आत गेली.

गुरुवारी सकाळी तो ट्रकखाली पाठीवर झोपला होता. कोपऱ्यावर तो ओळखीचा ब्रेक लागला. मग चेसिसखालून त्याला बायकोच्या चपला जाताना दिसल्या, आणि त्यांच्या बाजूनं अधांतरी हलत जाणारे स्टुलाचे चार पाय. तो सरपटत बाहेर येईपर्यंत ती लॉरीपाशी पोचली होती. लॉरीवाल्यानं स्टूल धरलं, ती त्यावर चढली, तिथून पायरीवर, तिथून आत. पायरी चारशे साठ तरी असावी. लॉरीवाल्यानं स्टूल तिच्या हातात दिलं, वर उतरायला लागणार म्हणून. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"काखेत कळसा," टर्नर दारातून म्हणाला, आणि पुढचं बोलला नाही, एवढी मेहेरबानी केली.

ती आठ दिवसांनी त्याच लॉरीनं परत आली.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. स्वेटर बरोबर बसला. दिवसभर अंगातून काढत नव्हती. रोज दुपारी तिचे केस विंचरले."

एकोणिसाव्या दिवशी शेजारणीचा फोन आला. ताई झोपेतच गेली होती. बायकोनं शेगडीवरचं भांडं उतरवलं, गॅस बंद केला आणि खाली बसली. तो म्हणाला, "कुणाची तरी जीप बघतो, आत्ताच निघू." ती म्हणाली, "कशाला? मला ती जिवंत बघायची होती. बघून आले." मग ती रडली. तो शेजारी बसून राहिला. पाठीवर हात ठेवावा की नको हे ठरवण्यात त्याचा बराच वेळ गेला, आणि शेवटी त्यानं ठेवला.

खडूच्या पुडीवर डाग उमटेनासा व्हायला त्यानंतर तीन आठवडे लागले. ठोकळे निघाले, ट्रक खाली बसला, पायरी दोनशे अठ्ठ्याहत्तरवर आली. काम अप्रतिम झालं होतं. टर्नरनं खाली वाकून चेंबर बघितलं आणि टोपी काढली. पण चार वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं तो प्रश्न आता कुणी विचारला नाही, आणि मिलिमीटरला त्याचं बरंच वाटलं.

बायको बाहेर आली. कडी धरली, पाऊल उचललं, पायरीवर ठेवलं, आत बसली. एकदाही थांबली नाही. तो चालकाच्या जागी बसला, इंजिन चालू केलं, आणि क्लचवर पाय दाबून तसाच राहिला. कुठं म्हणून विचारायचं तोंड त्याला नव्हतं.

"वर चला," तिनंच सांगितलं. तिच्या मुठीत एक किल्ली होती. "तिचं घर आवरायचंय. एक कपाट आहे, दोन पेट्या आहेत. मागे मावतील ना?"

"मावतील."

रस्ता खचला होता तिथं त्यानं चारही चाकांना ताकद जोडली. गाडी दगडांवरून डुलत, पण न अडखळता वर चढली. टपालाच्या व्हॅनच्या इंजिनाला हा चढ म्हणजे काहीच नव्हतं. दुसऱ्या वळणानंतर त्यानं समोर बघतच विचारलं.

"लॉरी तर दर गुरुवारी जात होती."

"हो. लॉरीवाल्यानं पहिल्याच वर्षी विचारलं होतं, येता का म्हणून."

"मग गेली का नाहीस?"

"निवृत्त झाल्यावर तीन महिने तुम्ही खुर्चीत बसून भिंतीकडं बघत होता. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. मग हा ट्रक आला. मी लॉरीनं जाऊन आले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पान्यांची पेटी बंद केली असती."

त्यानं गिअर बदलला.

"ताईला सांगितलं होतं मी. ती म्हणाली, राहू दे, त्याचं होऊ दे, मी कुठं पळून चालले?" बायकोनं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "फक्त एवढी वर्षं लावाल असं आम्हा दोघींना वाटलं नव्हतं."