चार बोटांची जागा

सिंधूवहिनींचा फोन आला तेव्हा मी वडगाव रासाईच्या शेतात कांदा भरत होतो. "भाऊजी, ह्ये गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा पिताना दत्तूच्या छातीत कळ आली, केडगावहून दौंडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... त्या क्षणी मला काय आठवलं हे सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. चारच दिवसांपूर्वी आमचं झालेलं भांडण आठवलं, आणि ते माझ्या पिकअपच्या मागच्या चाकावरून झालं होतं.

शिरूरच्या शाळेत दत्तू आणि मी एका बाकावर होतो. पुढे मी मास्तर झालो आणि त्याने केडगाव स्टेशनजवळ गॅरेज टाकलं. माझी पिकअप वडिलांच्या वेळची. तिच्या वयाच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या, पण मला ती सोडवत नव्हती आणि दत्तूला ती मोडू द्यायची नव्हती. निवृत्तीनंतर मला शहाणपण सुचलं आणि त्याला न विचारता मी मागे रुंद टायर घातले. दिसायला गाडी झकास झाली. भरली की मात्र मागची चाकं मडगार्डला घासायची, खर्र खर्र आवाज यायचा आणि रबर जळाल्याचा वास सुटायचा. दत्तूने ते टायर पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, पोरांना असंच शिकवलं का रं?"

दुसऱ्या कुणी मडगार्डचा पत्रा कापून दिला असता, तासाभराचं काम. दत्तू कापत नसे. त्याचं म्हणणं, पत्रा कापला की गाडीचं दुखणं तसंच राहतं, फक्त आवाज बंद होतो. तो कमानपाटे, म्हणजे चाकांवरचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, उतरवायचा, बसलेले पाटे ठोकून पुन्हा बाक द्यायचा, लागला तर एखादा पाटा वाढवायचा. रिकाम्या गाडीवर त्याने कधी माप घेतलं नाही. माल नसला तर गॅरेजवर खोळंबलेल्या सगळ्यांना तो हौद्यात चढवायचा, अगदी हातातल्या चहासकट, आणि स्वतः खाली आडवा होऊन टायर आणि मडगार्डच्या मधे पंजा उभा धरून बोटं सरकवायचा. एकावर एक अशी चार बोटं बसली की गाडी सुटली. माझ्या गाडीचे पाटे ठोकून झाले त्या दिवशी हौद्यात आठ जण बसले होते. उजवीकडे चार बोटं बसली, डावीकडे दोनच. "ही बाजू जुनी दबल्याली हाय," तो म्हणाला. "एक पातळ पाटा लागंल. घावला की फोन करतो. तवर माल भरू नगंस."

फोन आला तो नेमका कांदाकाढणीत. गुरुवारी भरलेली गाडी घेऊन ये म्हणाला. मजूर मोठ्या मुश्किलीने मिळाले होते, मी वैतागलो. म्हणालो, तुझ्या चार बोटांपायी माझा कांदा उन्हात पडलाय, त्यापेक्षा पाटसला जाऊन पत्रा कापून घेतो. तो शांतपणे म्हणाला, "काप. पण मग माझ्याकडं आणू नगंस." मी फोन ठेवला. गुरुवारी गेलो नाही. पत्राही कापला नाही, पण हे त्याला सांगायचं राहून गेलं आणि आता त्यावर काही इलाज नाही.

दहाव्याला त्याच्या घरची माणसं नदीवर न्यायला माझीच पिकअप होती. हौदा भरला होता आणि भीमेपर्यंत डावं चाक घासत होतं... केबिनमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "डावी बाजू ऱ्हायलीच व्हय." मी गाडी आणखी हळू केली.

परवा वहिनींनी गॅरेज उघडून दिलं. भिंतीला एक पाटा टेकवून ठेवलेला होता, घासून, तेल लावून. त्यावर खडूने लिहिलं होतं, 'मास्तर, डावी'. म्हणजे भांडणानंतरही त्याने तो मोडीत टाकला नव्हता. मी तिथेच बसलो आणि रडलो, आडपडदा न ठेवता.

पाटा बसवायला दौंडहून एक कारागीर आणला. वहिनींनी शेजारपाजारचे आठ जण बोलावून हौद्यात बसवले. कारागिराने खालून विचारलं, "गुरुजी, किती गॅप ठेवायचा?" मी हात पुढे करून म्हणालो, चार बोटं. त्याने स्वतःची घालून पाहिली, बसली. वहिनी माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "तुमची न्हाईत, ह्यांची."

गॅरेजच्या दाराच्या चौकटीवर, दत्तू आत जाताना जिथे हात टेकायचा, तिथे ग्रीसचा काळा पंजा उमटलेला आहे. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. त्याच्या चार बोटांची रुंदी म्हणजे माझी पाच बोटं होती.

"किती ठेवू?" कारागिराने पुन्हा विचारलं.

मी हात चौकटीवरून न काढता त्या पंजाच्या कडेला सरकवला आणि म्हणालो, "इथं येऊन बघ. एवढी."