भासरे डोंग्यात उभे राहिले तेव्हा

हे वारले त्या साली डोंगा, आमची छोटी नाव, माझ्याकडे आला. पूर्णा नदीच्या पलीकडे आमचं कपाशीचं वावर आहे. पावसाळाभर तिकडे जायला दुसरी वाट नाही. इतकी वर्षं डोंगा चालवणाऱ्या म्हाताऱ्या नावाड्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू पडलेला. माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, सासूबाईंना म्हणाले, "डोंगा इकून टाक अन् वावर बटईनं दुसऱ्याले दे, माय. बाईचं काम नोहे ते."

मी दाराआड होते. भासऱ्यांशी आमच्यात सून बोलत नाही, पदर पुढे ओढून बाजूला होते. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, पहिल्या निंदणापर्यंत थांबा, मी चालवून दाखवते. भासरे हसले. "मंग मी बी बसतो म्हनाव डोंग्यात त्या दिवशी."

माझं माहेर पूर्णाकाठचंच. लहानपणी वडिलांचा डोंगा मी चालवलेला, त्यामुळे नवं काही शिकायचं नव्हतं, विसरलेलं आठवायचं होतं. निंबाखाली पालथा पडलेला डोंगा उन्हानं वाळून फळ्यांना फटी पडल्या होत्या. मी त्यांत राळेत भिजवलेला कापूस ठोकला, दगड भरून डोंगा तीन दिवस डोहात बुडवून ठेवला. फळ्या फुगून फटी बुजल्या. एवढं हातांना नीट आठवत होतं.

वल्ह्याचं मात्र हात विसरले होते. लग्नानंतर मी बैलगाडीच हाकली. जिकडे वळायचं तिकडचा कासरा ओढायचा. मागच्या वल्ह्याचं उलटं, दांडा डावीकडे लोटला की तोंड उजवीकडे जातं. पहिल्याच दिवशी मी डोंगा सरळ बाभळीत घातला.

"बाई, बैलं नाई जुपले तुमी," पुढे बसलेला नावाडी काटे काढत म्हणाला.

आठ दिवसांत हात वळले. पण त्यानं दुसरंही सांगितलं. "कोनी मंधात उठलं त जोरानं वरडा. थे बी शिका." मी मोकळ्या नदीवर "बसा!" म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "बगळा बी उडाला नाई, बाई."

पहिल्या निंदणाला नदी गढूळ होऊन दोन्ही काठ धरून चालली होती. डोंग्यात सहा निंदणाऱ्या, नावाडी, आणि सगळ्यांत पुढे पाय दुमडून बसलेले भासरे. एक निंदणारी म्हणाली, "बाई, वावरात नेता का सिद्दे चांगदेवले?" चांगदेव पार खाली, नदीच्या संगमावर; धारेत वाहून गेलं तरच पोचायचं. मी हसले आणि डोंगा सोडला.

मधल्या धारेत मी डोंग्याचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवलं. तसं धरलं तरच धार डोंग्याला खाली ढकलत बरोबर उतारावर, पलीकडच्या उतरायच्या जागी, नेते. भासरे जन्मभर गाडीवर बसलेले. त्यांना वाटलं, हिचा डोंगा भलतीकडे चालला.

"अवो, उतार तिकडं हाय!" म्हणत ते उभेच राहिले. डोंगा एका अंगाला कलला. पाणी डोंग्याच्या काठावरून आत आलं, बायका किंचाळल्या. मला वल्ह्यावरचा हात सोडता येत नव्हता.

"खाली बसा!" मी ओरडले. "बसा म्हनते ना! दोन्ही हातानं काठ धरा!"

भासरे मटकन बसले. मी दांडा लोटून धरला. डोंगा सावरला आणि धारेतून तिरपा सरकत बरोबर उताराच्या दगडाशी जाऊन टेकला. निंदणाऱ्या ओच्यातलं पाणी पिळत उतरल्या.

भासरे उतरले, धोतर झटकलं, आणि माझ्याकडे न बघता नावाड्याला म्हणाले, "मायले मी सांगतो, डोंगा इकाचा नाई. वावर बी आपनच करू. अन् तिले म्हनाव, संध्याकाळी मले न्यायले ये."

मी पदर पुढे ओढला आणि नावाड्यालाच म्हणाले, "त्यांना सांगा, दिवस बुडायच्या आत उतारावर या. अंधारात मी डोंगा सोडत नाही."