अकराशेचा भोपळा

दहिवलीच्या छोट्या प्रेस्बिटेरियन मंडळीत उपदेश पाळकांचा, कारभार निवडलेल्या वडीलमंडळींचा, आणि पैसा नि गरजू माणसं डीकनची, अशी वाटणी आहे. रोहिदास बारा वर्षं डीकन होता. एरवी रसायनीला कारखान्यात फिटर. वनिता ही दुसरी डीकन. ती शेजारी बसल्याशिवाय त्याने दानाची पिशवी कधी उघडली नाही.

हंगामाच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक आणून देवापुढे ठेवतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पुकारायचं काम रोहिदासचं, आणि ते त्याला फार आवडायचं. त्या वर्षी लिलावाच्या पैशातून चर्चच्या छपराचे पत्रे बदलायचे होते.

जानकीबाईंनी भोपळा आणला होता. वेल त्यांच्या नवऱ्याने लावलेला. वेलाला फुलं आली आणि नवरा गेला.

रोहिदासने भोपळा दोन्ही हातांनी वर धरला. शेलूला नवा फ्लॅट घेतलेला मनोज म्हणाला, "दोनशे."

मागून जानकीबाईंचा हात वर झाला. "अडीचशे."

हसू पिकलं. आपलंच अर्पण विकत घेणारी बाई कुणी पाहिली नव्हती.

"आत्या, घरचाच हाय ना तो?" वनिताने विचारलं. त्या भोपळ्याकडेच बघत होत्या.

रोहिदासला चेव आला. "काय मनोजशेठ, फ्लॅटवाल्यानं म्हातारीपुढं हरायचं?"

मनोज चढत गेला. जानकीबाईही. अकराशेला मनोज थांबला आणि बोली त्यांच्यावर तुटली. टाळ्या पडल्या.

बोली देवापुढे दिलेली असते, म्हणून ती माफ होत नाही. पुढच्या रविवारी डीकन उभा राहून थकबाकीची यादी वाचतो, नावांसकट. जानकीबाईंचे पैसे आले नव्हते, म्हणून शनिवारी रोहिदास त्यांच्याकडे गेला. भोपळा फळीवर होता. कापलेला नव्हता.

"मनापासून दिला व्हता," त्या म्हणाल्या. "पन तुज्या हातात बगितला, आन वाटलं, ह्यो बी चालला."

रोहिदासचा हात खिशाकडे गेला.

"तुजं पैसं नको रं. बोली माजी हाय."

"मग गरजूंच्या निधीतून..."

"मी गरजू नाय. जास्त बोलले, येवडंच."

तो घरी आला. जेवला नाही. चारशेला जानकीबाईंचा हात अर्धाच वर आलेला त्याने पाहिला होता. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पत्रे होते.

रविवारी त्याने पाच नावं वाचली. सहाव्याला थांबला.

"जानकीबाई, अकराशे. चारशेला थांबणं माझ्या हातात होतं. मी थांबलो नाही. वरचे सातशे माझ्या नावावर लिहावेत, अशी मंडळीला विनंती आहे."

पाळकांनी वडीलमंडळींकडे पाहिलं. मग जानकीबाईच उठल्या.

"माजं नाव काडू नको. दर ऐतवारी पन्नास दीन. पावती पायजे."

बावीस रविवार त्यांनी पन्नास दिले. बावीस पावत्या रोहिदासने लिहिल्या, वनिताने सह्या केल्या. पावती देताना तो मान वर करत नसे.

पुढच्या सणाला जानकीबाईंनी त्याच भोपळ्याच्या बियांचा नवा भोपळा आणला. रोहिदासने तो छातीशी धरला.

"साठ," जानकीबाई म्हणाल्या.

"साठ एक, साठ दोन, साठ तीन." सगळं एका दमात.

"अरं, मनोजला बोलू तरी दे."

"तुटली बोली, आत्या," तो म्हणाला, आणि भोपळा त्यांच्या मांडीवर ठेवून आला. वनिताने वहीत साठ लिहिले.