गवंड्याने पाडलेला कोपरा

चाळीस वर्षं भिंती सरळ उभ्या केल्या आणि गुडघे थकल्यावर आमचे हे भिंती मोडायला बसले. तेही माझ्या जेवणाच्या टेबलावर. ओळंबा लावल्याशिवाय ज्या गवंड्याला साधा फोटो टांगवत नाही, त्याने पडकी घरं करत बसावं, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

ही लागण दाताच्या डॉक्टरांकडून झाली. त्यांच्या दवाखान्याच्या गिलाव्याला हे गेले होते. तिथे कपाटात लढाईचा एक देखावा होता, डॉक्टरांनी स्वतः केलेला. वीतभर रणगाडा, बोटाएवढे शिपाई आणि मागे तोफेने फोडलेली इमारत. ह्यांनी थापी हातात धरूनच सांगून टाकलं की भिंत अशी पडत नाही. एवढं मोठं भगदाड पडलंय, मग खाली विटा चिमूटभरच कशा? डॉक्टर ओशाळले, पण माणूस गुणी. पुढच्याच रविवारी ते ह्यांना आपल्या मंडळात घेऊन गेले. दहा-बारा पिकल्या केसांची माणसं एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि टेबलावर युद्धं मांडतात. तिथे ह्यांनी नियमच घालून दिला. भिंतीतून जितक्या विटा गेल्या, तितक्या खाली दिसल्याच पाहिजेत. तेव्हापासून मंडळात ह्यांना मोजणीमास्तर म्हणतात, आणि हे त्याने फुगतात.

विटा घरीच होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर ओतायचा, अर्धवट सुकला की ब्लेडने कापायचा. एकेक वीट तांदळाच्या दाण्याएवढी. खिडक्यांच्या काचा औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या, जळक्या चौकटी काड्यापेटीतल्या काड्यांच्या, आणि धूळ चाळायला माझी चहाची गाळणी. ती मी दोनदा भांडून परत मिळवली. तिसऱ्यांदा मुकाट्याने नवी आणली.

हा सगळा पसारा मी हसण्यावारी नेला असता. पण तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या मनाने घेतलं की आपल्या ह्याच गल्लीचा जुना कोपरा करायचा. लढाई गल्लीत शिरली तेव्हा हे पाळण्यात होते. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांच्या होत्या. कोपऱ्यावरची तीन मजली इमारत, खाली शिंप्याचं दुकान, ती तोफेच्या गोळ्यांनी अर्धी खाली आली. नंतर तिथे भलतंच काही उभं राहिलं. जुना फोटो एकही नाही.

"आई गेली, बाबा गेले," हे एकदा मला म्हणाले. "तेव्हाची गल्ली पाहिलेली आता एकटी ताई उरलीय. ती आहे तोवर तिच्या तोंडून एकदा ऐकायचंय, की हो, हीच."

त्यानंतर मी टेबलाबद्दल बोलले नाही. निदान त्या आठवड्यात तरी नाही.

वन्संना खोटं कौतुक जमत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी कोपरा पाहिला आणि काम सुरेख झालंय, पण ही आपली गल्ली नव्हे, असं सांगून मोकळ्या झाल्या. काय चुकलं ते त्यांना सांगता येईना. ह्यांनी लोंबकळता जिना केला, शिंप्याची पाटी केली, दिव्याचा वाकलेला खांब केला. दुसऱ्या वर्षीही वन्संनी मान हलवली. यंदा हे हट्टालाच पेटले. भगदाडाचं माप काढलं, हिशेब केला आणि मोजून दोन हजार तीनशे विटा खाली रचल्या. चार महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी दुपारी वन्संना त्यांच्या लेकीच्या घरून बोलावून आणलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीकसारीक सगळं दिसतं, त्यामुळे ह्यांचा जीव आणखी खालीवर. वन्सं भिंग घेऊन बराच वेळ वाकून बसल्या. मग त्यांनी नखाने ढिगाऱ्यातली एक वीट उचलली.

"ही अख्खी वीट इथे कशी?"

"ताई, पडली ती तिथेच राहणार ना."

"अख्खी वीट रस्त्यात कोण ठेवतंय? सकाळ झाली तशी सगळी गल्ली विटा वेचायला उतरली. आईच्या टोपलीत, माझ्या फ्रॉकच्या ओच्यात. शिपाई तिथेच बसले होते चहा पीत. एकाच्या बुटाखाली चांगली वीट होती, त्याने पाय उचलला."

ह्यांनी हळूच विचारलं, त्या विटांचं झालं काय. वन्संनी आमच्या स्वयंपाकघराकडे हात केला. मागची भिंत बाबांनी त्याच विटांची बांधली होती. ह्या भिंतीला आमच्या ह्यांनी दोनदा गिलावा केलाय, आणि दोन्ही वेळा तीन मापांच्या विटा वापरणाऱ्या त्या अडाणी गवंड्याचा उद्धार केलाय. हे उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला हात लावून उभे राहिले. मीही गेले. त्या भिंतीपाशी मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या, आणि मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, ह्यांनाही आलं.

दुसऱ्या दिवसापासून चिमट्याने अख्ख्या विटा वेचणं सुरू झालं. एकेक काढताना ह्यांच्या अगदी जिवावर येत होतं. अर्ध्या-मुर्ध्या तेवढ्या ठेवल्या. एका शिपायाचा पाय कापून उचललेला बसवला. दुसऱ्याला तासून लहान केलं, टिश्यू पेपरचा फ्रॉक घातला, ओच्यात चार विटा दिल्या. जुनं सामान वाया जाऊ द्यायचं नाही, हे आमच्या घरात मुरलेलंच आहे.

प्रदर्शनाला आम्ही तिघंही गेलो. यंदा परीक्षक दाताचे डॉक्टर. ते वही घेऊन आले, भगदाड पाहिलं, ढिगारा पाहिला, पुन्हा भगदाड पाहिलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं.

"मास्तर, नियम तुमचाच," ते म्हणाले. "इथे विटा निम्म्याही नाहीत. बाकीच्या गेल्या कुठे?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून वन्सं बोलल्या.

"आम्ही नेल्या," त्या म्हणाल्या, आणि फ्रॉकवाल्या पोरीशेजारी बोट टेकवलं. "ही मी."

आमचे हे तिथेच हॉलच्या पायरीवर बसले. गुडघे दुखतात म्हणाले. डॉक्टरांनी वहीत किती गुण लिहिले, ते बघायला आम्ही थांबलो नाही.