नलूताई आणि हिरवी रेषा

"गप रवा वायच. माका आयकाक दिया."

तोंडवलीच्या किनाऱ्यावर दिवेलागणीनंतर जमलेल्या पाहुण्यांना नलूताईंचं हे पहिलं वाक्य असायचं. लोक तारे बघायला आलेले, आणि त्या मात्र कान देऊन उभ्या. मग त्या स्वतःभोवती पूर्ण फिरत. आधी आभाळ, मग समुद्र, मग सुरूच्या बनाकडचा रस्ता. विमानाचा दिवा नाही, होडीचा दिवा नाही, अशी खात्री पटली की गळ्यात दोरीने अडकवलेला लेझर वर धरून क्षणभर कळ दाबत. हिरवी रेषा थेट रोहिणी नक्षत्राला जाऊन टेकल्यासारखी दिसे, आणि लोकांच्या तोंडून "अरे वा!" निघेपर्यंत ती विझलेलीही असे.

"परत दाखवा ना," कुणी म्हटलं, की त्या म्हणत, "डोळे तुमचे आसत मां? मग तेंनी बघा. ह्यां फक्त बोट लांब करूक घेतलंय."

मी तेव्हा जवळच्या कट्टा गावी टपाल कार्यालयात नोकरीला होतो. आकाशाची आवड होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांची दुर्बीण उचलायला आणि लोकांची रांग लावायला जायचो. नलूताई मुंबईत सरकारी इस्पितळाच्या नेत्र विभागात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर गावी येऊन त्यांनी घराच्या मागच्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि आकाशदर्शन जोडीला लावलं. बाई एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. चहासुद्धा अंगणात फेऱ्या मारत प्यायच्या. बोलता बोलता हात दोरीकडे जायचा, लेझर जागेवर आहे ना ते चाचपायचा. तो त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही, माझ्यासुद्धा नाही.

एकदा मी विचारलंच, "एवढं कशाला घाबरता?"

"घाबरूचा न्हय रे, बघितलंय मी," त्या म्हणाल्या. "वॉर्डात एक चेडू इलल्यां, बारकी पोरगी. जत्रेत घेतलेलो लेझर. आरशात बघून खेळता खेळता डोळ्यात गेलो. नजरेत मधोमध काळो ठिपको रवलो. आयेचे कान दिसत तेका, पण तोंड दिसा नाय. माणूस कितीव रडलो तरी तो ठिपको जावचो नाय."

जवळच्या चिपी विमानतळावर विमानं उतरू लागली तसा त्यांचा जीव आणखीच थाऱ्यावर राहीना. विमानाकडे लेझर मारणं हा गुन्हा आहे, हे त्या प्रत्येक कार्यक्रमात सांगत. ऑनलाइन मिळणाऱ्या जोरदार लेझरवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, हेही सांगत. लोक मान हलवत आणि फोटो काढत.

त्या डिसेंबरात पुण्याहून एक गृहस्थ कुटुंबासह उतरले होते. नववर्षापर्यंत सगळ्या खोल्या त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी घेतल्या होत्या. संध्याकाळी वाळूत कार्यक्रम सुरू झाला. नलूताई एका आजींना दुर्बिणीतून शनी दाखवायला वाकल्या होत्या. एवढ्यात समुद्रावरून विमान येताना दिसलं, खाली, पुढचे दिवे लावलेलं. त्या गृहस्थांनी खिशातून स्वतःचा लेझर काढला. तो त्यांच्याकडे आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. "बघ हं, पोचतो का," असं ते मुलीला म्हणाले, आणि जाड हिरवी रेषा त्या दिव्यांना जाऊन भिडली.

नलूताई धावल्या. साठी उलटलेली बाई वाळूतून अशी धावेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी त्या माणसाचं मनगट धरून खाली दाबलं.

"अहो, किती लांब आहे ते!" गृहस्थ वैतागले.

"लांब आसा म्हणानच! हयसर ठिपको दिसता, थयसर पसारान विमानाची अख्खी काच हिरवी जाता. उतरताना तेका काय दिसतला? आत माणसां आसत!"

विमान दक्षिणेकडे दिसेनासं झालं. नलूताई उभ्याच. मग चालायला लागल्या, पाण्यापर्यंत आणि परत. विमानतळावरून प्रवासी आणणाऱ्या ओळखीच्या रिक्षावाल्याला मी फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. आजी दुर्बिणीपाशी तशाच उभ्या होत्या, कुणी शनीचं नाव काढलं नाही. शेवटी रिक्षावाल्याचाच फोन आला. विमान एकदा वरूनच फिरून गेलं होतं आणि दुसऱ्या खेपेला उतरलं होतं. माणसं बाहेर येत होती.

नलूताईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलव. मालवणाक जावचा. पोलिसात."

गृहस्थांचा चेहरा उतरला. "ताई, विमान उतरलं ना सुखरूप? चूक झाली, लेझर मोडून टाकतो. माझी नोकरी..." मग स्वर बदलला. "आम्ही आत्ता सगळे निघून जाऊ. तुमच्याबद्दल काय लिहायचं ते लिहू."

"लिवा," नलूताई म्हणाल्या. "पण आदी गाडयेत बसा."

मी हळूच म्हटलं, "आपलाही कार्यक्रम बंद होईल."

"होवंदे. माज्या जाग्यार झाला ह्यां."

मालवणच्या ठाण्यात त्यांची भाषा बदलली. तरुण फौजदारांसमोर उभं राहून त्या स्वच्छ प्रमाण मराठीत म्हणाल्या, "विमानावर जो हिरवा उजेड पडला, तो माझ्या कार्यक्रमातून. लेझर यांचा होता, पण लोक मी जमवले होते. माझाही जबाब घ्या." आणि गळ्यातली दोरी काढून स्वतःचा लेझर टेबलावर ठेवला. फौजदारांनी मला बाहेर बसायला सांगितलं. नलूताई बराच वेळ आत होत्या.

त्या गृहस्थांवर गुन्हा दाखल झाला. मित्रमंडळी दुसऱ्याच दिवशी खोल्या सोडून गेली, आणि लिहायचं ते त्यांनी लिहिलंच. चौकशी संपेपर्यंत आकाशदर्शन बंद राहिलं. त्या महिन्यांत नलूताई किनाऱ्यावर एकट्याच फेऱ्या मारायच्या. मी जाऊन बसलो तर म्हणायच्या, "बसतंस काय? चल." पुढे परवानगी मिळाली, पण लेझर त्यांनी परत मागितला नाही. माडाच्या शेंड्यावरून, मुठींनी अंतर मोजत, त्या हातानेच नक्षत्रं दाखवू लागल्या. पाहुणे कमीच येत. जे येत ते जास्त वेळ थांबत.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना तळेऱ्याला आपल्या घरी न्यायला आली. सामान बांधून झालं होतं. तेच फौजदार निरोप द्यायला आले होते. माझ्याशी बोलताना सहज म्हणाले, "त्या संध्याकाळी बाई आल्या नसत्या, तर मी तोंडवलीच्या होड्यांवरची पोरं उचलली असती. पायलटने समुद्राच्या बाजूने उजेड आला असं कळवलं होतं. निघायच्या तयारीतच होतो. बाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं हे."

मी थक्क झालो. त्या होड्यांवर नलूताईंच्या शेजारच्या घरांतली मुलं होती. आकाशदर्शन बंद पडलं तेव्हा "नसती आफत ओढवून घेतली" असं त्यांना याच घरांतून ऐकावं लागलं होतं. त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

फौजदार गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होता."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाही? लोकांनी डोक्यावर घेतलं असतं."

नलूताई काठी टेकत अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"खोटा झाला असता ता," त्या म्हणाल्या. "पोरांचा माका ठाण्यात गेल्यार कळला. मी तेंच्यासाठी गेललंय नाय. मी विमानासाठी गेललंय."

मग लेकीला हाक मारून म्हणाल्या, "गो, अजून किती येळ? चल, निघूया."